स्पर्शाविना रुग्णपरीक्षा : महासाथीतील बंद दवाखाने आणि प्रश्नपरीक्षेचा अभ्यास

कोविड-१९ या व्याधीविषयी २०२० पासून आपल्या व्यवसायबंधूंनी विपुल लेखन केले आहे. ज्वराची संप्राप्ती, प्राणवह स्रोतसाची दुष्टी, रसायनांचा उपयोग, व्याध्युत्तर दौर्बल्याची चिकित्सा हे विषय नियतकालिकांतून व परिसंवादांतून पुष्कळ चर्चिले गेले. परंतु त्या काळात रुग्णाच्या दृष्टीने जी पहिली अडचण होती, तिच्याकडे शास्त्रीय अंगाने फारसे पाहिले गेले नाही, असे आमचे मत आहे. ती अडचण म्हणजे आपल्या नेहमीच्या वैद्याची भेटच न मिळणे. औषध कोणते द्यावे हा वैद्य भेटल्यानंतरचा प्रश्न होय. प्रस्तुत लेखात त्याच्या आधीच्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. वैद्य व रुग्ण एका खोलीत येऊ शकत नसतील तर परीक्षा कशी करावी, ती कोठवर विश्वासार्ह मानावी, आणि कोणत्या रुग्णासाठी धोका पत्करूनही दार उघडावे, एवढीच या लेखाची मर्यादा आहे.

दवाखाने का बंद झाले

महाराष्ट्रात पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले. त्याच आठवड्यात राज्यात १८९७ चा साथरोग अधिनियम लागू झाला आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. दवाखाने अत्यावश्यक सेवेत मोडत असल्याने त्यांना बंदी नव्हती. तरीही मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील गल्लीबोळांतले असंख्य लहान दवाखाने त्या दिवसांत बंद झाले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

याची कारणे शोधताना वैद्यांना भित्रे ठरविण्याची घाई करू नये. दहा बाय बाराचा गाळा, मध्ये प्लायवूडचा आडोसा, खिडकी नाही, बाहेर बाकावर आठ-दहा रुग्ण खांद्याला खांदा लावून बसलेले, ही आपल्या बहुतेक दवाखान्यांची रचना. वायुवीजन नसलेल्या अशा जागी ज्वराचा एक रुग्ण खोकला तरी बाकावरचे सर्व बाधित होण्याची शक्यता. केंद्र शासनाने १३ मार्च रोजी मुखपट्ट्या व सॅनिटायझर अत्यावश्यक वस्तूंच्या यादीत घातले, परंतु एन-९५ मुखपट्टी लहान दवाखानदाराच्या हाती पडेपर्यंत बराच काळ गेला. मुंबईत उपनगरी रेल्वे सर्वसामान्यांना बंद झाल्यामुळे कंपाउंडर पोहोचू शकत नव्हता. अनेक ज्येष्ठ वैद्य स्वतः साठी उलटलेले, प्रमेही किंवा रक्तदाबाचे रुग्ण होते. दवाखान्यात येऊन गेलेला एखादा रुग्ण बाधित निघाला की दवाखाना बंद आणि कुटुंब विलगीकरणात, हाही अनुभव अनेकांनी घेतला.

दुसऱ्या बाजूने दवाखाने उघडे ठेवा, अन्यथा कारवाई करू, अशा नोटिसा स्थानिक प्रशासनाकडून येत होत्या. मुंबईतील खासगी डॉक्टरांनी किमान पंधरा दिवस कोविड रुग्णालयात सेवा द्यावी, असा आदेश मे २०२० मध्ये निघाला. सेवेची सक्ती होती. संरक्षणाचे काय, याचे उत्तर मिळण्यास मात्र वर्षे लागली. नवी मुंबईतील एका खासगी व्यावसायिकाला महापालिकेने दवाखाना सुरू ठेवण्याची नोटीस दिली होती. जून २०२० मध्ये कोविडने त्यांचे निधन झाले. पंतप्रधान गरीब कल्याण पॅकेजमधील पन्नास लाखांच्या विम्याचा त्यांच्या पत्नीचा दावा नाकारला गेला, व शासनाने त्यांची सेवा प्रत्यक्ष मागविली नव्हती या कारणावरून २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातही तो टिकला नाही. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र, त्या वेळचे कायदे व आदेश पाहता डॉक्टरांच्या सेवा मागविल्याच गेल्या होत्या, असा निर्णय दिला. व्यक्तिगत दावे अर्थात पुराव्यावरच ठरावयाचे आहेत. वैद्याने दार उघडावे असे ज्यांना वाटते त्यांनी हा साडेपाच वर्षांचा कालावधी लक्षात ठेवावा.

रुग्णाची कोंडी याहून मोठी होती. ताप आहे असे सांगितले तर आधी तपासणी करून या, असे उत्तर मिळे. मुंबईत जुलै २०२० पर्यंत तपासणीसाठी डॉक्टरांची चिठ्ठी आवश्यक होती, आणि चिठ्ठी देणारा डॉक्टर तर भेटत नव्हता. ताप नाही असे सांगितले तर घाई नाही, नंतर या, असे उत्तर. प्रमेह, हृद्रोग, तमकश्वास यांचे जुने रुग्ण, गर्भिणी, नुकतीच सूतिका झालेली स्त्री हे सर्व या ‘नंतर’मध्ये अडकले.

येथे एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. आपल्याकडील दवाखान्यांत ‘वेळ घेऊन येणे’ ही पद्धत क्वचितच होती. रुग्ण यावा, नंबर लावावा, बाकावर बसावे, ही रीत. महासाथीने प्रथमच सर्वत्र ‘आधी फोन करा’ ही पाटी लावली, आणि ही पाटी सर्वांना सारखी लागू पडली नाही. घरात एकच फोन, तोही कामावर गेलेल्या मुलाकडे, रिचार्ज संपलेला, वृद्धाला ऐकू कमी येते, सुनेला सासऱ्यांच्या देखत रक्तप्रदराविषयी बोलता येत नाही. बाकावर बसलेला रुग्ण डोळ्यांना दिसतो. त्याचा चेहरा पाहून कंपाउंडरही त्याला आधी आत सोडतो. फोन न लागलेला रुग्ण कोणालाच दिसत नाही.

शास्त्राधार

रुग्ण समोर नसताना परीक्षा करणे शास्त्रसंमत आहे काय, असा आक्षेप २०२० मध्ये काही ज्येष्ठांनी घेतला होता व तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. वाग्भटाचार्यांनी दर्शन, स्पर्शन व प्रश्न अशी त्रिविध परीक्षा सांगितली. सुश्रुताचार्यांना तीन साधने अपुरी वाटली. पाच ज्ञानेंद्रिये व प्रश्न मिळून सहा साधने त्यांनी मानली. योगरत्नाकरातील अष्टविध परीक्षा तर आपल्या केसपेपरवर छापलेलीच असते. हे आठ विषय दूरध्वनीच्या कसोटीवर लावून पाहावेत. शब्द पूर्णपणे पोहोचतो. मल व मूत्र यांचे ज्ञान तसेही आपण बहुधा विचारूनच घेतो. जिह्वा, दृक् व आकृती चित्रफितीतून अंशतः दिसतात. नाडी व स्पर्श मात्र मुळीच पोहोचत नाहीत. म्हणजे ज्या दोहोंवर वैद्याची प्रतिष्ठा उभी आहे, नेमकी तीच गळतात.

परंतु ज्या ठिकाणी इंद्रिय पोहोचू शकत नाही तेथे काय करावे, याचे उत्तर चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या चौथ्या अध्यायात दिलेले आहे. रोगज्ञानाची आप्तोपदेश, प्रत्यक्ष व अनुमान ही साधने सांगताना, वैद्याने सर्व इंद्रियांनी परीक्षा करावी, परंतु रुग्णशरीरातील रस जिभेने चाखू नये, असा अपवाद ते करतात. हा अपवाद करून ते तेथेच थांबत नाहीत. मुखाची चव रुग्णाला विचारावी. उवा अंग सोडून जात असतील तर शरीर विरस झाले, माश्या अंगावर येत असतील तर मधुर झाले असे जाणावे. वाहणारे रक्त शुद्ध आहे की रक्तपित्ताचे, हा संशय कुत्रा किंवा कावळा ते खातो की नाही यावरून फेडावा. एक इंद्रिय वर्ज्य झाले, तर त्याच्या विषयाचे ज्ञान देणारे दुसरे चिन्ह शोधावे, अशी ही पद्धत आहे. त्याच अध्यायात अग्नी जरणशक्तीवरून व बल व्यायामशक्तीवरून अनुमानाने जाणावे, असे सांगितले आहे. साथीच्या काळात रसनेबरोबर त्वचेचाही मार्ग बंद झाला, डोळ्याचा निम्मा बंद झाला. तेव्हा अनुमानाची कक्षा वाढविणे एवढेच वैद्याच्या हाती होते, आणि ते शास्त्राला धरूनच होते.

फोनवरील प्रश्नपरीक्षा

पहिला नियम, बोलणारा रुग्ण असावा. नातेवाईक रोगाचा सारांश सांगतो, आणि सारांशात नेमकी चिन्हे गळतात. “बरे आहेत, फक्त अशक्तपणा आहे” या वाक्यावर आम्ही कधीही फोन ठेवत नसू. दोन मिनिटे रुग्णाला फोनवर घ्यावे व जेवणाविषयी, झोपेविषयी सलग बोलू द्यावे. वाक्य मध्येच तुटते काय, दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो काय, स्वर क्षीण झाला आहे काय, बोलताना कास किती वेळा येतो, हे ऐकावे. एका श्वासात किती अंक मोजता येतात यावरून श्वासकष्ट ठरविण्याची युक्ती त्या काळात बरीच पसरली होती. तिच्यावर विसंबू नये, असे ऑक्सफर्ड विद्यापीठातील अभ्यासकांनी २०२० मध्येच स्पष्ट केले होते. अंकापेक्षा वाक्य ऐकणे अधिक उपयुक्त, हाच आमचाही अनुभव.

अग्नीविषयी ‘भूक लागते का’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. त्याला सर्वजण ‘बरी आहे’ असे उत्तर देतात. मागच्या रविवारी किती भाकरी खाल्ल्या, आज किती. सकाळी घेतलेल्या पेजेचा ढेकर किती वेळ येत होता. चहा नकोसा झाला काय, असे विचारावे. आमच्याकडील माणसाला चहा नकोसा होणे हे अरुचीचे मोठे विश्वसनीय लक्षण आहे. जिभेचे छायाचित्र सकाळी, चूळ भरण्यापूर्वी, दाराच्या उजेडात उभे राहून काढावयास सांगावे. त्यावरून लेप आहे की नाही, पातळ आहे की जाड, एवढेच ठरवावे. रंगावर जाऊ नये. मोबाईलच्या कॅमेऱ्यांची पांडुतेविषयी फारशी एकवाक्यता नसते.

बलपरीक्षेला सर्वाधिक महत्त्व द्यावे असे आम्हांस वाटते, कारण या व्याधीत रक्तातील प्राणवायू घटूनही रुग्णाला धाप जाणवत नसे. येथे प्रश्न नेहमी तुलनेचा असावा. मागच्या आठवड्यात पाण्याची कळशी कोण भरत होते, आज कोणी भरली? जिना न थांबता चढता आला काय? ज्यांच्याजवळ ऑक्सिमीटर होता त्यांच्यासाठी सहा मिनिटे चालण्याची चाचणी २०२१ च्या एप्रिलमध्ये राज्याच्या आरोग्य विभागानेही सांगितली होती. चालण्यापूर्वी व नंतर मापन करावे. आकडा तीनहून अधिकने उतरला किंवा ९३ च्या खाली गेला तर रुग्णालयात पाठवावे. मुळातच आकडा ९४ हून कमी असेल किंवा बसल्या जागी धाप असेल तर मात्र त्याला चालावयास लावू नये. मापन करताना हात कोमट असावा, नखांना रंग नसावा, बोट मिनिटभर स्थिर असावे. गडद वर्णाच्या व्यक्तींत हे यंत्र प्रत्यक्षापेक्षा अधिक आकडा दाखवू शकते, हे २०२० च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासाने दाखविले. म्हणून आकडा ९५ आणि रुग्ण मलूल, अशी स्थिती असेल तर मलूलतेवर विश्वास ठेवावा.

यंत्र नसेल तर श्वसनाची गती मोजवून घ्यावी. रुग्ण पडून असताना, त्याला न सांगता, घरातील एकाने पोटाचे वर येणे पूर्ण एक मिनिट मोजावे. रुग्णाला कळले की तो श्वास बदलतो. मिनिटाला चोवीस किंवा त्याहून अधिक असेल तर मध्यम व तिसाहून अधिक असेल तर गंभीर, ही मर्यादा तत्कालीन राष्ट्रीय मार्गदर्शनात होती.

एका खोलीच्या घरातील स्त्रीरुग्णांसाठी आम्ही एक साधी युक्ती वापरली. प्रश्न आम्ही पूर्ण विचारावयाचा व तिने केवळ ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणावयाचे. ‘अंगावरून जाणे नेहमीपेक्षा जास्त आहे काय’, ‘वास आहे काय’, ‘घरात कोणी हात उगारते काय’. शेवटचा प्रश्न आम्ही टाळेबंदीच्या तिसऱ्या आठवड्यापासून विचारू लागलो, व त्याला मिळालेली ‘हो’ अशी उत्तरे आमच्या अपेक्षेहून अधिक होती.

दूरस्थ नाडीपरीक्षेविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. रुग्णाने स्वतःच्या मनगटावर बोटे ठेवून नाडीची गती मोजावी, ती सांगावी, येथवर ठीक. चित्रफितीतून दोषांची नाडी सांगतो म्हणणारे काही व्यवसायबंधू त्या काळात निघाले. त्यांनी शास्त्राची जेवढी हानी केली तेवढी टीकाकारांनीही केली नसेल. तीच गोष्ट काढ्यांची. वैद्य भेटत नाही म्हणून लोकांनी सुंठ, मिरे, दालचिनीचे काढे ऐन ग्रीष्मात दिवसातून चार-चार वेळा घेतले, आणि मे महिन्यात आमच्याकडे आलेले निम्मे फोन मुखपाक, मूत्रदाह व रक्तार्शाचे होते. वैद्याची जागा रिकामी राहिली की ती अशी भरते.

काही रुग्ण

एका बासष्ट वर्षांच्या प्रमेही बाईंनी जून २०२० मध्ये फोनवर पायाला ‘खरूज’ झाल्याचे सांगितले. वेदना नव्हती. छायाचित्रात तळवा व घोटा स्वच्छ दिसत होता. लेपासाठी औषध पाठवा, असा त्यांचा आग्रह होता. बोलता बोलता त्या म्हणाल्या, “यंदा माश्याच फार, सारख्या पायावर बसतात.” दुसऱ्या पायावर बसतात काय, असे विचारता ‘नाही’ असे उत्तर आले. नातवाला जवळ बोलावून वास घेण्यास सांगितले, तो लगेच मागे सरला. दुपारी त्यांना रिक्षाने बोलावून पाहिले असता करंगळी व शेजारील बोट यांच्या बेचक्यात काळा पडलेला, खोल गेलेला व्रण होता. स्पर्शज्ञान नव्हते, म्हणूनच वेदनाही नव्हती. त्याच दिवशी शल्यचिकित्सकांकडे पाठविले. एक बोट गेले, पाय राहिला. विमानस्थानातील माश्यांचे उदाहरण विद्यार्थिदशेत आम्हां सर्वांना थोडे हास्यास्पद वाटले होते.

दुसरे गृहस्थ एकाहत्तर वर्षांचे, आमचे चौदा वर्षांपासूनचे रुग्ण, वातप्रधान प्रकृतीचे, अत्यंत बोलके. गुडघेदुखीसाठी आले तरी गिरणगावाचा इतिहास सांगितल्याशिवाय उठत नसत. ऑगस्टमध्ये त्यांच्या सुनेने कळविले की पाच दिवस ताप होता, आता उतरला, धाप नाही, केवळ झोपून असतात. फोन त्यांच्या हाती दिला. प्रत्येक प्रश्नाला ‘हो’, ‘बरं’, ‘नाही’ एवढेच. ज्या वैद्याने त्यांना पूर्वी पाहिले नव्हते त्याला हे शांत स्वभावाचे गृहस्थ वाटले असते. शेजाऱ्यांचा ऑक्सिमीटर आणवला, आकडा ८४. अकरा दिवस रुग्णालयात राहून ते घरी परतले. येथे नाडी, स्पर्श, दर्शन यांपैकी काहीही उपलब्ध नव्हते. उपलब्ध होते ते प्रकृतीचे पूर्वज्ञान, आणि विकृती म्हणजे त्या प्रकृतीपासून झालेला पालट होय. नेहमीच्या वैद्याची भेट न मिळणे यात रुग्णाचे जे नुकसान होते ते मुख्यत्वे हेच. औषध दुसरा कोणीही देऊ शकतो.

तिसरा रुग्ण आमचा नव्हता. एप्रिल २०२१, दुसरी लाट. चाळिशीतील भाजीविक्रेता, भावाने रात्री फोन केला. त्याआधीच्या दोन दिवसांत त्यांनी तीन दवाखाने गाठले होते. एके ठिकाणी तपासणीचा अहवाल मागितला, दुसरीकडचा फोन बंद होता, तिसऱ्या ठिकाणी सोमवारची वेळ दिली. आजाराचा आठवा दिवस होता. रुग्ण एक वाक्यही पुरे करू शकत नव्हता. वाट न पाहता १०८ ला फोन करून निघण्यास सांगितले. खाट दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाली व तिसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. तो आधी पोहोचला असता तर वाचला असता, असे म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाही. त्या आठवड्यात रुग्णालयात असलेलेही अनेक वाचले नाहीत. परंतु ‘ज्वराचा आज कितवा दिवस’ हा एक प्रश्न पहिल्या फोनवर विचारला गेला असता, तर पाचव्या ते दहाव्या दिवसांतील रुग्ण सोमवारपर्यंत थांबू शकत नाही, हे उत्तर देणाऱ्याला कळले असते. फोन उचलणारा बहुधा कंपाउंडर असतो, आणि त्याला वेळ देण्याचे शिकविलेले असते, दिवस विचारण्याचे शिकविलेले नसते.

म्हणून फोन उचलणाऱ्याच्या समोर भिंतीवर चार प्रश्न लिहून ठेवावेत, अशी आमची सूचना आहे. कितवा दिवस, रुग्ण स्वतः बोलतो काय, कालपासून लघवी झाली काय, आणि पोटात दुखते काय. पोटदुखीचा रुग्ण फोनवर तपासूच नये. उदराचे काठिण्य, दाबल्यावर वा हात सोडल्यावर होणारी वेदना यांना अनुमानाचा पर्याय नाही. तीच गोष्ट गर्भिणीच्या सूजेची व शिरःशूलाची, स्तनातील गाठीची, आणि दूध न ओढणाऱ्या बालकाची. यांच्यासाठी दार उघडावेच. मुखपट्टी बांधून, अंगणात, जिन्याखाली, कोठेही पाहावे, पण हात लावून पाहावे.

व्यवस्थेसंबंधी

कायदेशीर बाजू थोडक्यात. २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली व आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी व्यावसायिकांसाठी तत्कालीन केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेने एप्रिलमध्ये तशीच तत्त्वे दिली. त्या परिषदेची जागा आता राष्ट्रीय आयोगाने घेतली आहे. चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक लिहावा, सल्ल्याची नोंद ठेवावी, आणि प्रत्यक्ष भेटीची गरज वाटल्यास तसे स्पष्ट सांगून तेही लिहून ठेवावे, हा त्यांतील व्यवहारोपयोगी भाग.

फोनची वाट न पाहता वैद्याने स्वतः फोन करावा, हा उपाय आम्हांस सर्वांत फलदायी ठरला. केसपेपर चाळून प्रमेह, हृद्रोग, श्वास यांचे व एकटे राहणारे सुमारे साठ रुग्ण वेगळे काढले, आणि आठवड्यातून दोन दुपारी त्यांना आम्हीच फोन करीत असू. फोन सरासरी तीन-चार मिनिटांचा. त्यात औषध किती दिवसांचे उरले आहे, हा प्रश्न प्रथम. वर उल्लेखिलेल्या बाईंचा पाय अशाच एका फोनमध्ये समजला होता, त्यांनी होऊन केलेल्या नव्हे.

वैद्य रुग्णापर्यंत गेल्याचे मोठे उदाहरण धारावीचे. एप्रिल २०२० मध्ये महापालिकेने तेथील खासगी व्यावसायिकांना संरक्षक साहित्य देऊन घरोघरच्या तपासणीत सामील करून घेतले. दाट वस्तीत विलगीकरण अशक्य असताना लवकर शोध घेणे हाच मार्ग होता, आणि दारात आलेला चेहरा ओळखीच्या डॉक्टरचा असल्यामुळे लोकांनी लक्षणे लपविली नाहीत, असे त्यासंबंधीच्या वृत्तांतून दिसते. एकेकट्याने दवाखाना चालविणाऱ्यांनी याचे लहान रूप करता येते. एका रस्त्यावरील वैद्य, होमिओपॅथ व ॲलोपॅथ अशा तिघांनी वार वाटून घ्यावेत, बंद दारावर उघड्या दवाखान्याचा पत्ता लावावा. पॅथीचा अभिमान त्या कागदाआड येऊ देऊ नये.

विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात जनपदोद्ध्वंसाचे विवेचन वायू, उदक, देश व काल यांच्या वैगुण्यासाठी आपण वारंवार उद्धृत करतो. त्याचा प्रारंभ मात्र सहसा वगळला जातो. पांचाल देशात, कांपिल्य नगरीजवळ, ग्रीष्माच्या अखेरच्या महिन्यात गंगातीरी फिरत असता पुनर्वसू आत्रेय अग्निवेशाला सांगतात की भूमी विरस होण्याआधी औषधी गोळा करून ठेवाव्यात, मागाहून त्यांच्यात वीर्य उरणार नाही. औषधींप्रमाणे रुग्णाचे ज्ञानही आधीच गोळा करून ठेवावे लागते, असा याचा अर्थविस्तार करण्यास हरकत नसावी. रुग्ण व्याधीत सापडल्यावर त्याची प्रकृती विचारून कळत नाही.

या हेतूने आम्ही प्रत्येक नेहमीच्या रुग्णाचे एक स्वस्थपत्रक ठेवू लागलो आहोत. ते व्याधी नसताना, शक्यतो हेमंतात, वर्षातून एकदा भरावयाचे. एका जेवणातील भाकरी-पोळ्यांची संख्या, मलप्रवृत्तीची वेळ, झोपेचे तास, न थांबता चढता येणारे जिने, बसल्या जागचा ऑक्सिमीटरचा आकडा, श्वसनाची व नाडीची गती, नाडीचे दोषानुसार वर्णन, जिभेचे छायाचित्र, आणि बोलण्याची रीत. बोलण्याच्या रकान्यात ‘बोलका’ किंवा ‘अबोल’ एवढे पुरत नाही, म्हणून रुग्णाच्या अनुमतीने त्याच्या आवाजाची अर्ध्या मिनिटाची ध्वनिफीत मोबाईलवर नोंदवून क्रमांकानुसार जतन केली जाते. पत्रकाच्या मागील बाजूस घरातील दोन फोन क्रमांक, शेजाऱ्यांचा एक, आणि फोनवर मोकळेपणाने बोलता येण्याची वेळ लिहिलेली असते.